धुळ्याचे काळे गोळे

जपानमधल्या कानसाई विमानतळावर कस्टमच्या माणसाने लीलावतीबाईंना मोठी बॅग उघडायला लावली. वरची गोधडी त्याने बाजूला केली, तर खाली आणखी एक गोधडी. ती उलगडली, तर आत तीन काळेभोर दगड. सोललेल्या नारळाहून थोरले, जवळजवळ गोल, आणि असे जड की एक उचलताना त्या बिचाऱ्याचा हातच खाली गेला.

‘‘मला विचारतो, व्हॉट?’’ शहराकडे निघालेल्या गाडीत लीलावतीबाई लेकीला सांगत होत्या. ‘‘मी म्हटलं, स्टोन. तर म्हणतो, व्हाय? म्हटलं, टु ब्रेक स्टोन! त्यावर त्याने आणखी दोघांना बोलावलं.’’

‘‘आई, हळू बोल. इथे गाडीत कोणी बोलत नाही.’’

‘‘का? मौनव्रत आहे का सगळ्यांचं?’’

धुळ्याच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवलेल्या बाई त्या. त्यांचं कुजबुजणंही शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईने डोळे मिटून घेतले, पण तिच्या ओठांवर हसू होतं. स्वरूपाने बॅगेवरचा हात काही काढला नाही.

‘‘माती नव्हती ना एकाही दगडाला? इथे मातीचा कण चालत नाही.’’

‘‘आधी काथ्याने घासलेत, मग दात घासायच्या ब्रशने. त्याने पांढरा हातमोजा फिरवून बघितला, मोजा पांढराच राहिला. मग तिघंही माझ्यापुढे वाकले. मग मीही वाकले. ते परत वाकले. म्हटलं, आता थांबायचं कोणी?’’

आता हे दगड कशाला, ते सांगायला हवं.

स्वरूपा पुण्याला भूशास्त्रात एम.एस्सी. झाली, लग्न झालं आणि नवऱ्यामागे ओसाकाला आली. जपानात मोठा भूकंप आणि त्सुनामी येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. अनुप औषधांच्या कंपनीत संशोधक. तो सकाळी लॅबमध्ये जायचा आणि ही दिवसभर फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या फ्लॅटच्या खिडक्या बघायची. मग तिने जपानी शिकायला घेतलं. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काही महिने काउंटरवर उभी राहिली, आणि एके दिवशी विद्यापीठाच्या फलकावर तिला एक जाहिरात दिसली. दगडाच्या पातळ चकत्या कापून देणारं माणूस हवं होतं. अर्धवेळ. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

जाहिरात होती माकिनो सेन्सेईंची. सेन्सेई म्हणजे गुरू. पन्नाशी उलटलेल्या, शिडशिडीत, केस मुलासारखे कापलेल्या या प्राध्यापिकाबाईंना एकच ध्यास होता. इजिप्तच्या लोकांनी ग्रॅनाइट खाणीतून काढला कसा? चुनखडी मऊ असते, ती तांब्याच्या छिन्नीने निघते. पण ग्रॅनाइटपुढे तांब्याची छिन्नी मेणासारखी वाकते, आणि त्या काळी लोखंडाची हत्यारं तर नव्हतीच. तरीही नाईल नदीकाठी अस्वानच्या खाणीत आजसुद्धा एक प्रचंड ओबेलिस्क अर्धवट कोरलेला पडून आहे. वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, एका अखंड शिळेचा. तीन बाजूंनी सुटलेला, खालून खडकाला चिकटलेला, आणि मधोमध तडा गेला म्हणून सोडून दिलेला. त्याच्या आजूबाजूला काळ्या दगडाचे गोळेच गोळे सापडले. म्हणजे दगडाने दगड कुटून काढला, हे पुस्तकात होतं. पण कुटायचा म्हणजे नेमका कसा?

सेन्सेई म्हणायच्या, ‘‘वाचून कळत नाही. हाताला फोड आल्याशिवाय कळत नाही.’’

म्हणून त्यांनी सेतोच्या समुद्रातल्या एका बेटावरची बंद पडलेली ग्रॅनाइटची खाण मागून घेतली होती. पावसाळा सुरू होईपर्यंतची परवानगी होती. तिथे सपाट खडकावर दहा वर्षांच्या मुलाएवढ्या उंचीचा एक ओबेलिस्क आखला, आणि विद्यार्थ्यांची टोळी शनिवार-रविवार कुटायला बसली. लोखंड वर्ज्य. दगड, आग, पाणी, लाकूड आणि दोर, एवढंच वापरायचं.

पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांच्या नाकी नऊ आले. नदीतून आणलेले गोटे दोन-चार घावांत फुटायचे. काहींचे टवके उडायचे, काहींचे सरळ दोन तुकडे. ग्रॅनाइटवर पांढरा डाग पडायचा, बस्स. एका दुपारी सेन्सेईंनी अस्वानच्या त्या गोळ्यांचा मोठा फोटो टेबलावर पसरला आणि स्वरूपा ओरडलीच, ‘‘हे तर मी पाहिलेत!’’

‘‘कैरोच्या संग्रहालयात?’’

‘‘नाही, साक्रीला! माझ्या गावाजवळ!’’

डोलेराइट. धुळे-साक्रीकडे जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या आहेत. ऊन-पावसाने त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत उरतो तो घट्ट, गोल गाभा. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ती महिनाभर त्या भिंती तुडवत फिरली होती. जेवायला बसताना असल्याच गोळ्यांवर बसली होती. तिने बोलता बोलता फळ्यावर कांदा काढला, पापुद्रे काढले, खडू मोडला, दुसरा घेतला. सेन्सेई उभ्या राहिल्या होत्या, त्या कधी खुर्चीवर बसल्या आणि कधी परत उठल्या ते त्यांनाही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी धुळ्याला फोन गेला. आई नाहीतरी तीन महिन्यांसाठी यायचीच होती. लीलावतीबाईंनी भाच्याला, उदयला, जीप काढायला लावली, आणि लाडवांची जागा दगडांनी घेतली.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या मुलीबरोबर बेटावर हजर. फेरीबोटीतून उतरल्यावर चढाची वाट, दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं, आणि वर एकदम उघडी पडलेली ती पांढरी खाण. थंडी अशी की नाक जागेवर आहे की नाही ते चाचपून बघावं. लीलावतीबाईंनी नऊवारीला लाजवील असा घट्ट पदर स्वेटरवरून खोचला आणि माकिनो सेन्सेईंना नमस्कार केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण इजिप्तच्या राजा-राण्यांची नावं दोघींनाही पाठ होती.

‘‘हत्शेप्सुत?’’ लीलावतीबाई त्या खडकाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

‘‘हत्शेप्सुत!’’ सेन्सेई आनंदाने ओरडल्या. ‘‘थुतमोस!’’

‘‘थुतमोस तिसरा!’’ लीलावतीबाईंनी तीन बोटं वर केली. झाली मैत्री.

पहिला घाव स्वरूपाने घालायचा असं ठरलं. तिने गोळा दोन्ही हातांनी छातीइतका उचलला आणि जोरात आपटला. ‘ठक्’ असा घट्ट, भरीव आवाज आला. गोळ्याला काही झालं नव्हतं. तिने बोट फिरवलं. खडकावर पांढरी पूड होती! पिठासारखी, चिमटीत येणारी पूड.

‘‘निघतंय! सेन्सेई, निघतंय!’’

मग काय, रांगच लागली. ओगावा नावाचा उंच, लाजाळू विद्यार्थी एरवी एक शब्द बोलायचा नाही. तो प्रत्येक घावाला ‘‘योश्!’’ म्हणून ओरडायला लागला. कुटता कुटता त्यांना एक गोष्ट उमगली. ताकद लावायचीच नाही. गोळा उचलायचा आणि सोडायचा, पडणं त्याचं तो करतो. घट्ट धरला तर मनगट झिणझिणतं, सैल धरला तर उसळी घेऊन तो स्वतःच अर्धा वर येतो. आणि दर घावाला थोडा फिरवायचा, म्हणजे सगळीकडून सारखा झिजतो. तीन गोळे आणि सहा जोड्या हात, पाळ्या लावून काम सुरू झालं. पुढे उदयने आणखी गोळे पार्सलने धाडले. पोस्टातला माणूस ते पोचवताना घामाघूम झाला.

खरी गंमत मार्चमध्ये झाली. ओबेलिस्कभोवतीचा चर खोल जायला लागला तशी सगळेजण तळ सपाट ठेवायची पराकाष्ठा करत होते, आणि काम रखडत होतं. स्वरूपा मात्र थकून एकाच जागी बसून राहिली आणि तिथे वाटीसारखा खळगा झाला. शेजारी ओगावाचाही एक खळगा झाला. दोन्हींच्या मध्ये बोटभर रुंदीचा बांध उरला. तिने सहज म्हणून त्या बांधावर गोळा सोडला, आणि बांध एका फटक्यात कोसळला. पूड नाही, चक्क ढलपी निघाली, तळहाताएवढी.

ती त्या ढलपीकडे बघत राहिली. मग धावत सुटली. सेन्सेई तंबूत चहा पीत होत्या.

‘‘अस्वानच्या चराचा तळ कसा आहे? सपाट आहे का?’’

‘‘नाही. सगळ्या वाट्या-वाट्या आहेत. चमच्याने आइस्क्रीम काढावं तशा.’’ सेन्सेईंचा कप हवेतच थांबला. ‘‘का?’’

‘‘कारण बांधाला दोन्ही बाजूंनी आधार नसतो! आधी वाट्या करायच्या आणि मग मधले बांध उडवायचे! ते लोक शेजारी-शेजारी बसत होते ते उगीच नाही, ते एकमेकांसाठी बांध ठेवत होते!’’

चहा तिथेच राहिला. दोघी पळत खाली आल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चर जेवढा खाली गेला, तेवढा आधीच्या कित्येक दिवसांत गेला नव्हता. फेरीत सगळी पोरं भिंतीला टेकून झोपली होती आणि सेन्सेई एकट्याच जाग्या होत्या, तळव्यावरचे फोड मोजत, हसत.

लीलावतीबाईंचीही एक हौस पुरवून झाली. त्यांच्या पुस्तकात होतं की खडकाला भोकं पाडून त्यात लाकडी पाचरी ठोकायच्या, वर पाणी ओतायचं, लाकूड फुगतं आणि खडक दुभंगतो. ‘‘करून बघा,’’ त्यांनी हट्ट धरला. सेन्सेईंनी कौतुकाने एका सुट्या खडकावर करू दिलं. दोन दिवस पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी पाचरी फुगून अलगद वर आल्या आणि खडक होता तसाच. लीलावतीबाई पोट धरधरून हसल्या. ‘‘पुस्तकवाल्यांनी कधी पाचर ठोकून बघितली नाही वाटतं!’’

आगीचा दिवस तर जत्रेचाच झाला. खडकाचा वरचा थर तापवून त्यावर पाणी टाकलं की तो भुसभुशीत होतो. पण बेटावर आग पेटवायची म्हणजे तिथल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला कळवायला हवं. दल म्हणजे संत्र्याच्या बागांचे मालक. सगळेच्या सगळे पंप घेऊन आले, हेल्मेटं घालून ओळीत उभे राहिले, आणि पाणी पडताच ग्रॅनाइट चटचट फुटायला लागला तसे लहान मुलांसारखे टाळ्या पिटायला लागले. एकाने तर ‘पुन्हा एकदा’ म्हणून आर्जव केलं.

एप्रिल उजाडला. ओबेलिस्क चारही बाजूंनी मोकळा झाला होता. आता फक्त खालून सोडवायचा होता.

आणि त्या शनिवारी पहाटे सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले.

स्वरूपाला आधी काहीच कळेना. तो भूकंपाचा इशारा होता, हे फ्लॅट हलायला लागल्यावर उमगलं. कपाटाची दारं उघडली, भांडी खणखणली. अनुपने लीलावतीबाईंना धरून जेवणाच्या टेबलाखाली ढकललं. ‘‘आई, तुम्ही खालीच थांबा!’’ लीलावतीबाईंनी धुळ्यात टीव्हीवर त्सुनामीच्या लाटा पाहिल्या होत्या, लेक जपानला आल्यापासून तिच्या काळजीने झोप उडालेल्या त्या बाई. हलणं थांबलं, तशा टेबलाखालून त्यांचा आवाज आला, ‘‘सगळे ठीक ना?’’ आणि लगेच, ‘‘स्वरू, आपला खडक गं?’’

त्या दिवशी गाड्या बंद. दुसऱ्या दिवशी पोचले तर माकिनो सेन्सेई आधीच आल्या होत्या. त्या चराच्या कडेला नुसत्या बसून होत्या. ओबेलिस्कच्या वरच्या भागात तिरपा, केसासारखा बारीक तडा गेला होता. भूकंपाने गेला, आगीने गेला, की आतून होताच आणि आता उघडा पडला, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

ओगावा रडवेला झाला होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पण तडा म्हणजे स्वरूपाच्या ओळखीचं काम होतं. तिने बादलीभर पाणी आणलं, सगळ्या खडकावर ओतलं आणि वाट बघत बसली. ऊन चढलं, खडक सुकला. तडा मात्र पाणी धरून होता. काळी ओली रेघ स्वच्छ दिसायला लागली. ती वरून सुरू होत होती, कडेने खाली उतरत होती, आणि एक तृतीयांशावर संपत होती. त्याखाली तिने इंच-इंच बघितलं, बोटाने वाजवलं, कान लावला.

‘‘सेन्सेई, खालचा भाग शाबूत आहे! खणखणीत वाजतोय!’’

सेन्सेईंनी मान वर केली. आणि त्या ताडकन उठल्या. ‘‘धाकटा! अस्वानला तडा गेला तेव्हा त्यांनीही हेच केलं! मोठ्याच्या आतच धाकटा ओबेलिस्क आखून बघितला! त्या रेघा अजून आहेत तिथे!’’

‘‘काय म्हणताहेत?’’ लीलावतीबाईंनी लेकीचा दंड धरला. स्वरूपाने सांगितलं. ‘‘मग तो धाकटा निघाला का त्यांचा?’’

‘‘नाही. तिथेच सोडून गेले.’’

‘‘मग आपण पुढे जाऊ की! गेरू कुठाय?’’

गेरू तंबूत होताच. लीलावतीबाईंनी दोरी गेरूच्या पाण्यात बुडवली, एक टोक सेन्सेईंच्या हातात दिलं, ताणली, आणि चिमटीने ओढून सोडली. टण्णदिशी लाल रेघ उमटली. मग दुसरी, तिसरी. नवा ओबेलिस्क लीलावतीबाईंच्या कमरेइतकाच होता, पण त्यात तडा नव्हता.

पुढचे आठवडे कसे गेले ते कोणाला कळलं नाही. बेटावरचे लोक आता नुसते बघायला येत नसत, पाळी मागत. तडा गेलेला तुकडा वरून कुटून काढला. मग खालून पोखरायचं काम. त्यासाठी कुशीवर आडवं पडून, लहान गोळा आडवा झुलवत खडकाच्या पोटात मारायचा. पूड डोळ्यांत जायची, खांदा भरून यायचा. एका बाजूला स्वरूपा, दुसऱ्या बाजूला ओगावा.

मेमधल्या एका रविवारी लीलावतीबाईंनी ओगावाला खूण केली, ऊठ. तो नको नको म्हणत असताना त्याच्या जागी त्या आडव्या झाल्यासुद्धा.

‘‘आई, तुझं वय काय, करतेस काय!’’ पलीकडून स्वरूपा ओरडली.

‘‘तू तुझी बाजू बघ!’’

ठक्. ठक्. आधी दोघींचे घाव वेगवेगळे येत होते. हळूहळू स्वरूपाला पलीकडचा घाव हातात जाणवायला लागला. दगडातून येत होता तो. आवाज बदलला, पोकळ झाला. ‘‘आई, थांब! ऐक!’’ तिने एकदा मारलं. पलीकडून एकदा उत्तर आलं. मग दोघींना धीर धरवेना आणि त्या मारतच सुटल्या. एकदम तिच्या पुढ्यातली पूड भसकन पलीकडे पडली आणि भोकातून उजेड आला. नाण्याएवढा, मग वाटीएवढा. आणि त्या उजेडातून पांढऱ्या पिठाने माखलेली एक हिरवी बांगडी, मग बोटं, मग सगळा हात आत आला.

स्वरूपाने तो हात धरला. दोघी खडकाच्या दोन बाजूंना पालथ्या पडून हसत होत्या की रडत होत्या, देवाला ठाऊक. वर सेन्सेई नाचत होत्या. हो, अक्षरशः नाचत होत्या, बूट चिखलात आपटत.

एका भोकाने शिळा सुटत नाही. आणखी भोकं पाडली, मधे खुंटांसारखे थोडे खांब ठेवले. मग ओकचे लांब दांडे त्या भोकांत घातले, दोर बांधले, आणि अग्निशमन दलाची सगळी मंडळी, विद्यार्थी, रजा काढून आलेला अनुप आणि फेरीचा तिकीटवाला असे सगळे दांड्यांना लोंबकळले. सेन्सेईंनी हात वर केला आणि सगळ्यांनी एकदम जोर लावायची हाक दिली.

‘‘सेऽऽनो!’’

काही नाही.

‘‘सेऽऽनो!’’

दांडे वाकले, करकरले. आणि खाणीत बंदुकीची गोळी सुटावी तसा आवाज झाला. ‘थाड्!’ पक्षी उडाले. दांड्याला लटकलेला अनुप धप्पदिशी बुडावर आपटला. शिळा हलली! पाळण्यासारखी अलगद एकदा इकडे, एकदा तिकडे झुलली आणि एका कुशीवर वळून थांबली.

आणि मग जो गलका उठला तो खालच्या धक्क्यावरच्या कोळ्यांनीसुद्धा ऐकला म्हणे. ओगावा हेल्मेटवाल्या आजोबांच्या गळ्यात पडला. अनुप पार्श्वभाग चोळत ‘‘निघाला! निघाला!’’ म्हणून ओरडत होता.

माकिनो सेन्सेई शिळेच्या खालच्या बाजूशी गुडघे टेकून बसल्या. तुटलेल्या खांबांचे ताजे, गुलाबी, चमचमणारे डाग तिथे होते. त्यांनी तळहात ठेवला. ‘‘दगड झाल्यापासून या बाजूवर उजेड पडला नव्हता,’’ त्या हळूच म्हणाल्या. मग स्वरूपाकडे वळल्या. ‘‘स्वरूपा-सान, या वाट्या-बांधांवर तू डॉक्टरेट करायची. पुढच्या वर्षीपासून. नाही म्हणायची सोय नाही.’’

‘‘काय म्हणतात त्या?’’ लीलावतीबाईंनी विचारलं.

स्वरूपाने नुसती मान डोलावली, पुन्हा डोलावली. लीलावतीबाईंना काय कळायचं ते कळलं. त्यांनी लेकीला पिठाच्या हातांनी कवळलं, आणि तिच्या खांद्यावरून सेन्सेईंना ओरडून म्हणाल्या, ‘‘यस! शी विल डू! आणि माकिनोबाई, आता हा खाली न्यायचा कसा ते सांगा!’’

सेन्सेईंना शब्द कळले नाहीत, प्रश्न मात्र बरोबर कळला. त्यांनी वाटेकडे बोट दाखवलं, मग दोराकडे, मग जमलेल्या सगळ्यांकडे. आणि त्या सगळ्यांनी, आपण होऊन, दोर उचलले.